पेशी मेली, पण कशी?

कर्करोगाच्या पेशी मारण्यात कसलंच शहाणपण नाही. ब्लीच ओतलं तरी मरतात. बेळगावात वनस्पतींच्या अर्कांवर काम करायचे तेव्हा आमच्या मार्गदर्शक मॅडम हे सारखं ऐकवायच्या. पेशी कशी मेली ते दाखव, मग बोलू.

जबर इजा झालेली पेशी फुगते, फुटते, आतलं सगळं बाहेर सांडतं नि आजूबाजूला दाह होतो. दुसरी तऱ्हा शिस्तीची. पेशी आक्रसते, स्वतःचाच डीएनए ठरावीक मापाने कापते, पडद्यात गुंडाळलेले तुकडे होऊन पडते आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. केर, वायली आणि करी यांनी 1972 साली तिला अपॉप्टोसिस हे नाव दिलं. पोटातल्या बाळाची बोटं सुटी होतात ती यामुळेच. कर्करोगाच्या पेशी नेमकं हेच मरण चुकवतात.

हेला या प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर ॲक्रिडिन ऑरेंज आणि इथिडियम ब्रोमाइड हे दोन रंग घालून अंधाऱ्या खोलीत बसायचं. जिवंत पेशी सरसकट हिरव्या. हिरव्याच, पण केंद्रकात लखलखीत ठिपके दिसले की सुरुवात झाली म्हणायची. मग नारिंगी तुकडे. फुटून मेलेलीचं केंद्रक मात्र अखंड नारिंगी. डोळ्यांवर विश्वास नको म्हणून डीएनए जेलवरही चालवायचा: अपॉप्टोसिस असेल तर साधारण 180 बेसजोड्यांच्या अंतराने पायऱ्या उमटतात, नाहीतर नुसता फराटा.

तुलनेसाठी कॅम्प्टोथेसिन वापरायचो, कारण त्याने या पेशी हटकून याच तऱ्हेने मरतात. कुपी यायची परदेशी कंपनीची, भलती महाग. तोच रेणू आमच्या शेजारी आंबोलीच्या रानातल्या नरक्याच्या झाडात असतो! टोपोटेकान, इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधं याच रेणूवरून घडवलेली. चोरट्या तोडीने झाडच आता दुर्मिळ झालंय.

सुट्टीला निपाणीत गेले की शेजारच्या काकू मांडीवरच्या सुपात जर्दा-पान घेऊन विड्या वळता वळता विचारायच्या, ‘‘औषध गावलं काय गं?’’ तंबाखूच्या गावात हा प्रश्न सहज विचारलेला नसतो. बशीतल्या पेशींना ना यकृत असतं ना रक्त, तिथे जमलं ते माणसात जमेलच असं नाही, हे त्यांना सांगायला मला कठीणच जायचं. ‘‘अजून नाही, काकू,’’ एवढंच म्हणायचे.

माझ्या अर्काने जास्त मात्रेला फराटा दिला. कमी मात्रेला अंधूक पायऱ्या दिसल्या. मॅडमनी प्रबंधात दोन्ही छायाचित्रं लावायला लावली.