घड्याळ चालूच राहतं!

जॉर्जियातलं बातुमी शहर, 26 जुलै 2025. महिला विश्वचषक बुद्धिबळाची फायनल, पहिला डाव. आपल्या नागपूरची 19 वर्षांची दिव्या देशमुख आणि समोर कोनेरू हंपी. हंपी 2002 मध्ये ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता! तरी वरचढ ठरत होती दिव्याच. जिंकायची संधी अगदी हाताशी आली आणि निसटली. डाव बरोबरीत.

इकडे जामनेरला माझ्या दहा वर्षांच्या भाचीचं नेमकं हेच झालं होतं. पहाटेची एसटी, डब्यात कळण्याची भाकरी, जळगावची स्पर्धा आणि जिंकत आलेला डाव घाईत घालवलेला. बुद्धिबळात एक भारी वाईट गोष्ट आहे बघा. पिच खराब होतं म्हणता येत नाही, पार्टनरने कॅच सोडला म्हणता येत नाही. सोंगटीला हात लावला की ती हलवावीच लागते. मग हात मिळवायचा, सही करायची आणि बाहेर उभ्या आईच्या चेहऱ्याला सामोरं जायचं. दहाव्या वर्षी! भाचीने जाहीर केलं, ‘मावशी, मी आता खेळणार नाही.’

मी तिला दिव्याचा तो डाव सांगितला. तिने एकच विचारलं, ‘त्या रात्री तिला झोप लागली असेल?’

लागली असेल, नसेल. पण दुसऱ्या दिवशी ती पटावर होती. पुन्हा बरोबरी. 28 जुलैला टायब्रेकर. प्रत्येकीला 15 मिनिटं, वर दर चालीला 10 सेकंद. पहिला डाव बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. वेळेच्या ताणात हंपी चुकली, दिव्या जिंकली आणि आईला मिठी मारून ढसाढसा रडली. ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नसताना गेलेली ही मुलगी भारताची 88वी ग्रँडमास्टर होऊन परतली.

आपलं काय होतं? एक प्रेझेंटेशन फसलं की आठवडाभर मूड ऑफ, दोष बॉसचा.

भाची पुढच्या स्पर्धेला गेली. तिथेही एक डाव हरली. हात मिळवला, सही केली आणि पुढच्या फेरीत समोर कोण आहे ते बघायला पळाली.