पु. ल. देशपांडे : हसवता हसवता जग दाखवणारे प्रवासी



आज पु. लं.विषयी लिहायचं आहे, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

मी बीडजवळच्या पाली गावात प्राथमिक शाळेत शिकवते. गुढीपाडव्यानंतर चौथीच्या वर्गाला निबंध दिला, 'मी केलेला प्रवास'. बहुतेक वह्यांमध्ये एकच निबंध होता. सकाळी सहाला बस निघाली, सर्वांना खूप आनंद झाला, निसर्ग हिरवागार होता. गाइडमधला. एका मुलीची वही मात्र कोरी होती. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, मी कुठं फिरायला गेलेच नाही. आम्ही कारखान्यालाच होतो." मी लाल पेनाने 'अपूर्ण' असा शेरा मारला आणि पुढची वही घेतली.

ही मुलगी दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेली होती आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परत आली होती. अख्ख्या वर्गात सगळ्यात लांबचा प्रवास तिचाच होता. आणि तिला वाटत होतं की तो प्रवासच नव्हे. खरं सांगायचं तर, मलाही तसंच वाटलं होतं.

त्या दिवशी रात्री 'अपूर्वाई' हातात होती. डी.एड.ला असताना वाचली होती, परत काढली. आणि शेरा चुकला हे तिथे कळलं.

शिक्षक, नट आणि मग प्रवासी

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1919 रोजी मुंबईत झाला. बालपण जोगेश्वरी आणि पार्ल्यात गेलं. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे पु. ल. आधी शिक्षक होते. मुंबईत शाळेत शिकवलं, पुढे बेळगावला कॉलेजात प्राध्यापक झाले. सोबत पेटी, नाटक, गाणं चालूच. 1953 च्या 'गुळाचा गणपती' चित्रपटात लेखन, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका, सगळं त्यांचंच. 'तुझे आहे तुजपाशी' हे नाटक, 'बटाट्याची चाळ', 'व्यक्ती आणि वल्ली' ही पुस्तकं आपण जाणतोच. 'बटाट्याची चाळ'चा तर 1961 पासून एकपात्री प्रयोग ते करायचे. एकटा माणूस रंगमंचावर आणि समोर अख्खी चाळ उभी!

म्हणजे लोक त्यांना ओळखत होते ते हसवणारा माणूस म्हणून. हा माणूस प्रवासाकडे कसा वळला?

ते आकाशवाणीत नोकरी करत होते. दूरचित्रवाणीचं तंत्र शिकण्यासाठी 1958 मध्ये त्यांना लंडनला बीबीसीत जायला मिळालं. आपल्याकडे तेव्हा दूरदर्शन सुरूही झालं नव्हतं. ते सप्टेंबर 1959 मध्ये दिल्लीत सुरू झालं. त्या सुरुवातीच्या काळात पु. ल. तिथे निर्माते होते. लंडनच्या मुक्कामात सुनीताबाई बरोबर होत्या. त्या प्रवासातून 1960 मध्ये 'अपूर्वाई' आली. मग सिंगापूर, बाली, जपान अशा पूर्वेकडच्या देशांवर 'पूर्वरंग', आणि 1974 मध्ये 'जावे त्यांच्या देशा'. त्याच सुमारास बंगालवरचं 'वंगचित्रे'. त्यासाठी हा माणूस पन्नाशी उलटल्यावर शांतिनिकेतनात जाऊन बंगाली शिकला. मुलांना सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण कुठलं?

विनोदी माणूस चांगला प्रवासी का होतो?

इंग्लंडमध्येही असंच एक नाव आहे, मायकेल पेलिन. 1969 साली बीबीसीवर 'मॉन्टी पायथन' नावाचा विनोदी कार्यक्रम सुरू झाला, त्यातल्या कलाकारांपैकी हा एक. पुढे 1988 मध्ये तो ज्यूल व्हर्नच्या कादंबरीसारखा 80 दिवसांत, विमानात न बसता, जगाला फेरी मारायला निघाला. दुबईहून मुंबईला तो आला तो गुजराती खलाशांच्या गलबतातून. वाटेत त्याचं पोट बिघडलं. खलाशांनी त्याला सांभाळून घेतलं आणि मुंबईत उतरताना त्यांना सोडून जाणं त्याला जड गेलं. पुढे हाच विनोदी नट इंग्लंडच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचा अध्यक्ष झाला.

पु. ल. आणि पेलिन यांच्यात मला एक गोष्ट सारखी दिसते. दोघंही परक्या गावात गेल्यावर तिथल्या लोकांना हसत नाहीत, स्वतःला हसतात. 'अपूर्वाई'त निघण्याआधीची धांदल असो की तिकडच्या रीतीभातीतली पंचाईत असो, गोंधळलेला माणूस लेखक स्वतःच असतो. स्वतःला लहान केलं की समोरचा माणूस मोठा दिसतो. मग इमारतीपेक्षा माणसं जास्त लक्षात राहतात.

आणि प्रवास मोठाच हवा असंही नाही. पु. लं.ची 'म्हैस' आठवा. कोकणातली एसटी, आडवी आलेली म्हैस आणि अडकलेले प्रवासी. बस जागची हलत नाही, पण आपण पोट धरून हसतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला 'म्हैस' माझ्या शब्दांत सांगितली. मग त्या मुलीला जवळ बोलावलं आणि म्हटलं, "तुझा ट्रक कुठे अडकला होता का गं?"

आधी गप्प राहिली. मग सुरू झाली. ट्रकमध्ये भांडीकुंडी, पिठाचे डबे, कोंबड्या आणि त्यावर माणसं. घाटात कान बंद झाले. आणि कोंबडीने आईच्या भाकरीच्या टोपल्यात अंडं घातलं! मुकादमसुद्धा हसला म्हणे. वर्ग हसून हसून लोळला, आणि ती स्वतःही. मग मळीचा वास, उसाच्या पाचटाची कोपी, पहाटे तीनला फडावर जाणारी आई. बोलता बोलता म्हणाली, "बाळाला लई ताप आला होता, तवा मीच कोपीत त्याला धरून बसले होते." वर्ग शांत झाला.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते. ऊसतोडीचं स्थलांतर म्हणजे सहल नव्हे. पु. ल. शिकायला गेले, परतीचं तिकीट घेऊन. ही मुलं उचल फेडायला आई-बापाबरोबर जातात, आणि चार-पाच महिने त्यांची शाळा बुडते. हंगामी वसतिगृह, शिक्षण हमी कार्ड यांसाठी आपण धडपडलंच पाहिजे. गोड निबंधाने तो प्रश्न सुटत नाही. पण त्या मुलीने जे पाहिलं, सोसलं, ते सांगण्यासारखं नाही असं शाळेनेच तिला शिकवू नये. त्या दिवशी तिने दोन पानं लिहिली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर. मी 'अपूर्ण' खोडलं, आणि माझी चूक झाली होती हे तिला वर्गासमोर सांगितलं.

तुमच्या वर्गात करून पाहा

1. 'सहल' हा विषय देऊ नका. 'मी गेलो तिथली एक व्यक्ती' किंवा 'प्रवासात झालेली माझी फजिती' द्या.
2. आधी बोलू द्या, मग लिहायला सांगा. घरची बोली चालेल. प्रमाण भाषा दुसऱ्या वेळी लिहिताना.
3. गावाजवळचं ठिकाण नव्याने पाहायला लावा. आम्ही बिंदुसरा धरण निवडलं. मुलं रोज पाहतात, पण तिथे मासे धरणाऱ्या माणसाशी पहिल्यांदाच बोलली.
4. विनोद करताना नियम एकच : हसायचं ते स्वतःला. दुसऱ्याच्या कपड्यांना, बोलण्याला, गरिबीला नाही.
5. पालकहो, तुम्ही कामासाठी जिथे जिथे गेलात तिथल्या गोष्टी मुलांना सांगा. त्या कमीपणाच्या नाहीत.

पु. ल. 12 जून 2000 रोजी पुण्यात गेले. आमच्या चौथीतल्या मुलांनी त्यांना पाहिलेलं नाही. पण आता वर्गात कुणी बाहेरगावहून आलं की मुलं विचारतात, "काय फजिती झाली का रं?"

यंदा दिवाळीनंतर पुन्हा ट्रक निघतील. त्या मुलीला वसतिगृहात ठेवण्याबद्दल तिच्या आईशी बोलणं चालू आहे. आजी घरी थांबली तर जमेल असं वाटतं. तुमच्या शाळेत अशा मुलांसाठी काय करता, तेही जरूर कळवा.