पाच गेटपास

आई म्हणते, "तुझं बूड एका जागी टिकत न्हाई." खरंय. अठराव्या वर्षी कामाला लागलो, आता सव्वीसावं चालू आहे. पत्र्याच्या डब्यात पाच जुने गेटपास पडलेत. मागच्या महिन्यात सोयरिकीच्या बैठकीत पोरीच्या मामानं हाच सवाल टाकला, पोरगा टिकत का न्हाई? मी मान खाली घालून बसलो. म्हणून इथं लिहितोय.

पहिल्या सूतगिरणीत मी डॉफर. रिंग फ्रेमवरच्या भरलेल्या बॉबिनी उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या. हात बसला, तुटलेली तार सांधायला शिकलो, आणि ठेकेदार म्हणाला, उद्यापासनं येऊ नको. २४० दिवस भरले की कामगार कायमपणा मागू शकतो, हे त्याला पाठ होतं. मला ठाऊकसुद्धा नव्हतं. दुसरीकडं तेच. तिसरीकडंही तेच, दिवस पुन्हा एकपासनं. चौथी गिरणी बंदच पडली.

इचलकरंजीतलं मागाचं काम मात्र मी स्वतः सोडलं. जॉबरनं आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात घर कुठल्या अंगाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "पाण्याची बाटली घरनंच आणत जा." माठ तर सगळ्यांचा होता. सहा दिवस बाटली नेली. सातव्या दिवशी बीम अर्धा असताना माग बंद केला नि बाहेर पडलो. घेतलेली उचल फेडायला आईनं कानातलं विकलं. ते तिनं अजून बोलून दाखवलं नाही, हेच जास्त लागतं.

आजोबांचा दाखला ती सारखा देते. मुंबईत वीस वर्षं एकच गिरणी, १९८२ च्या संपात सुटली तेवढीच. पण आजोबा सुरवातीला बदली कामगार होते. रोज पहाटे गेटावर उभं राहायचं, कुणाचा खाडा पडला तर आत. त्यांच्या बापाला तर साळखात्यात शिरकावच नव्हता. धोट्यातला धागा तोंडानं ओढायचा, मग आपल्या थुंकीचा विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं आणला. त्या थुंकीची नि माझ्या बाटलीची जात एकच, एवढं मला कळतं.

आता सहावा पास गळ्यात आहे. आज २११ वा दिवस. परवा ठेकेदार गोड बोलत आला, "दमलास रे, महिनाभर गावाकडं जाऊन ये की."

मी म्हटलं, "न्हाई, बरा हाय."


संध्याकाळी आईनं विचारलं, किती झालं?