वीकेंड गळाला लागला!

सोमवारी सकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये कुणी ना कुणी विचारतंच, ‘‘काय रे, अंगठ्याला काय झालं?’’ बाकीचे लोणावळा, मॉल, मल्टिप्लेक्स करून आलेले असतात आणि मी बोटावर खरचटल्याच्या रेघा घेऊन. ‘‘मरळाचे दात,’’ असं सांगितलं की समोरचा जरा मागे सरकतो. ‘‘कुठे पकडलास?’’ ‘‘वाशिमला.’’ मग पुढचा प्रश्न ठरलेला, ‘‘हे वाशिम नेमकं आलं कुठे?’’ अकोल्याच्या खाली, हिंगोलीच्या वर, बाबांनो. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा. सोयाबीन, तूर आणि माझ्यापुरतं बोलायचं तर तलाव.

खरं सांगायचं तर मला वेड लावलं ते अमेरिकन बास फिशिंगनं. शाळेत असताना केबलवर रात्री उशिरा ते शो लागायचे. चकचकीत बोट, टोपीवाला माणूस, पाण्यातून उसळणारा हिरवट मासा. बास हे तिकडचं क्रिकेट आहे, म्हणा ना. जॉर्ज पेरी नावाच्या माणसानं १९३२ साली जॉर्जियात बावीस पौंडांहून जड, म्हणजे साधारण दहा किलोंचा लार्जमाउथ बास पकडला. तो रेकॉर्ड ७७ वर्षं टिकला. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यानं काकणभर जास्त वजनाचा मासा काढला, पण नवा रेकॉर्ड म्हणायला निदान दोन औंसांचा फरक लागतो. म्हणून दोघांची बरोबरी! आमच्या अप्रेझलसारखंच झालं हे.

आता वाशिमात बास कुठून आणणार? पण मरळ आहे. आणि मरळाची सर बासला नाही, हे मी कुठल्याही टोपीवाल्याला तोंडावर सांगेन. डोकं सापासारखं, अंगात ताकद बैलाची. हा मासा हवेतला श्वास घेतो. दर थोड्या वेळानं वर येऊन ‘गुळुक’ करून जातो. त्याचा एक चिनी चुलतभाऊ २००२ मध्ये अमेरिकेत, मेरीलँडमधल्या एका तळ्यात सापडला, तेव्हा तिकडे केवढा हलकल्लोळ! पेपरांनी त्याला ‘फ्रँकनफिश’ केलं, सरकारनं तळ्यात विष टाकून तळं साफ केलं. आपल्याकडे मात्र तो घरचा आहे. तेलंगणानं तर त्याला राज्यमासा केलंय.

मरळासाठी माझं हत्यार एकच, रबरी बेडूक. हा बासवाल्यांकडून उसना घेतलेला. पोकळ अंग आणि गळाची दोन टोकं पाठीला चिकटलेली, त्यामुळे जलपर्णीत, शिंगाड्याच्या वेलात कुठेही ओढा, अडकत नाही. बेशरमच्या झुडपांच्या पलीकडे टाकायचा, हळूहळू उघड्या पाण्याच्या कडेला आणायचा आणि थांबायचं. नवीन माणसाला हे थांबणं जमत नाही. खेचत सुटतो. अरे, खरा बेडूक असा पळतो का? दोन टुणटुण, मग विश्रांती. मग पाणी फुटतं. धडाम! आणि आता सगळ्यात अवघड काम, काहीही न करणं. मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणायचं, दोरी ताणली गेली की मगच झटका. आवाज ऐकल्याबरोबर झटका दिलात तर बेडूक उडून तुमच्याच तोंडावर येतो. अनुभवाचे बोल आहेत.

बाकी किरकोळ. सकाळ उत्तम, मार्च ते जून सीझन. कडेनं धपाधप चालायचं नाही, मरळाला जमिनीचा हादरा कळतो. दोरी ब्रेडेड, कारण वेलासकट ओढावं लागतं. बेटकास्टर रील स्टायलिश दिसतं, पण पहिल्या दिवशी घेतलंत तर दोरीचा सुगरणीचा खोपा होतो आणि तासभर तो सोडवण्यात जातो. स्पिनिंग रील घ्या, सुखी राहा. रोहू-मृगळसाठी मी खलीच्या गोळ्या लावतो, पण ती बसून वाट बघायची मासेमारी. मला झेपत नाही.

हे सगळं मी नेटवरून शिकलो. एक गोष्ट मात्र काकांकडून शिकलो, तीही फार उशिरा.

२०२० चा जुलै. वर्क फ्रॉम होम म्हणून मी घरी, लॅपटॉप माजघरात, रेंज गच्चीवर. दिवसभर कॉल, संध्याकाळी गावतलाव. पाऊस सुरू झालेला, पाणी लालसर. एका संध्याकाळी काठापासून दहा हातांवर पाण्यात लाल ठिपका दिसला. शेकडो बारीक पिल्लं, शेंदरी, एकाच गोळ्यात वळवळणारी. मी यूट्यूबवर पाहिलं होतं, या गोळ्यावरून बेडूक नेला की खालचा मोठा मासा हमखास धरतो. नेला. पहिल्याच खेपेला. ना थांबणं, ना नेम, काही नाही. अडीच किलोंचा मरळ! फोटो, स्टेटस, ऑफिसच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर जाळं आवरणारे काका आले. जातीचे भोई, चाळीसेक वर्षं याच पाण्यात. त्यांनी मासा पाहिला, मग पाणी पाहिलं.

‘‘कुठून काढला बापू?’’

मी फुशारकीनं बोट दाखवलं.

‘‘मासा खाल्ला त काही नाई रे,’’ ते म्हणाले, ‘‘पन बाप नेला तू त्याइचा.’’

मग बिडी पेटवून त्यांनी सांगितलं. मरळ पावसाळ्यात पिल्लं घालतो आणि आईबाप दोघं राखण करतात, त्यात बाप जास्त. पिल्लं हवा घ्यायला वर येतात, तो खालून फिरत असतो. जवळ येईल त्याच्यावर झडप घालतो. भूक म्हणून नव्हे. ‘‘त्याले वाटलं बेंडूक पोराइले खाते.’’

मी मासा पाण्यात सोडायला गेलो. पण फोटोच्या नादात तो एवढा वेळ गवतावर पडलेला, कल्ल्यातून रक्त आलेलं. उलटा तरंगला. काका काही बोलले नाहीत. आम्ही दोघं बसून राहिलो. त्या लाल गोळ्याभोवती एकेक टपटप सुरू झाली. तिलापिया असणार. गोळा लांबट झाला, तुटला, पुन्हा जुळला, लहान झाला. अंधार पडायच्या आत पाण्यात काही उरलं नव्हतं. रात्री स्टेटस डिलीट केलं. त्यावर ७० जणांचे अंगठे होते.

आता दर उन्हाळ्यात ऑफिसमधले तिघं-चौघं माझ्याबरोबर येतात. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, तेव्हापासून पुण्याहून येणं जरा सुसह्य झालंय. कधी वाशिमला पाणी देणारा एकबुर्जी, कधी कारंज्याकडचा अडाण, पण आधी चौकशी. तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असतो, त्यांना विचारल्याशिवाय पिशवीतून रॉड बाहेर काढायचा नाही. माझे नियम ऐकून पोरं वैतागतात. गळाचे काटे पक्कडनं दाबून टाका. हात ओला करूनच मासा धरा. खायचा असेल तर एक न्या, दहा नाही. आणि लाल ठिपका दिसला की रॉड खाली.

गेल्या वर्षी टीममधली एक फ्रेशर आली होती. ऑफिसात ‘सर’ म्हणते. आईच्या हातची भाकर खाल्ल्यावर एका दिवसात ‘दादा’ झालं. पाऊस लवकर लागला होता, दिवसभरात तिला एकही मासा लागला नाही, आणि संध्याकाळी ती कुजबुजली, ‘‘दादा, ते लाल काय आहे?’’ अगदी तिच्या टप्प्यात. ज्या फोटोसाठी ती चारशे-पाचशे किलोमीटर आली होती, तो तिथे खाली फिरत होता, हे तिलाही कळलं होतं. सकाळीच सगळं सांगून झालं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघत राहिलो.

बराच वेळ गेला. मग रीलचा ‘टक्’ असा आवाज आला, बेडूक तिनं रॉडच्या कडीला अडकवला होता. चपला काढून ती काठावर बसली. थोड्या वेळानं गोळ्याशेजारी ‘गुळुक’ झालं, काळं डोकं क्षणभर वर आलं आणि गेलं.

‘‘केवढा आहे हा!’’ ती म्हणाली. मग, ‘‘दादा, तुझ्याकडे बिस्किटं आहेत का? मला जाम भूक लागलीये.’’