कोलोरॅडोच्या घाटात चालते घर

धाकट्या भावाचा शिकागोहून फोन आला तेव्हा मी नववीचे पेपर तपासत बसले होते. "आपा, गॅसची घ्यावी की डिझेलची?" मला वाटले, घरात नवी शेगडी घेतोय. मग वाटले, सीएनजीची कार असेल. अमेरिकेत पेट्रोलला 'गॅस' म्हणतात हे पुस्तकात वाचले होते, पण कानाला सवय नव्हती. त्याला घ्यायचे होते मोटारहोम, म्हणजे ज्यात पलंग, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असते आणि जे स्वतःच्या इंजिनावर चालते असे घर. मेच्या सुट्टीत मी जाणारच होते. तो म्हणाला, "तू आलीस की ठरवू."

मी गाड्यांतली जाणकार नाही. पण मरहूम अब्बा एसटीत ड्रायव्हर होते, चिपळूण-कराड ही त्यांची वर्षानुवर्षांची ड्यूटी, आणि आम्हा भावंडांचे बालपण कुंभार्ली घाटाच्या गोष्टींवर गेले. भावाने मला विचारण्याचे कारण तेवढेच असावे.

मोटारहोमची हौस मुळात अम्मीसाठी. अब्बा गेल्यापासून ती भावाकडे असते. गुडघे धरलेले, शुगर असल्यामुळे तासातासाला बाथरूम लागते, हॉटेलचे जिने नकोसे होतात. त्यामुळे सहलीचा विषय निघाला की ती म्हणते, "तुम्ही जा, मी घर सांभाळते." घरच बरोबर नेले तर तिला नाही म्हणता येणार नाही, असा भावाचा हिशेब.

आणि त्याने एक गाडी जवळपास पक्की केली होती. बारा वर्षांची, बसएवढी लांब, मागे इंजिन असलेली. तिकडे या प्रकाराला 'डिझेल पुशर' म्हणतात, कारण इंजिन मागून गाडी ढकलते. एका निवृत्त जोडप्याची, आतून चकचकीत. नव्या गाड्यांत पेट्रोल आणि डिझेल यांच्यात लाखभर डॉलरचा फरक सहज पडतो. दुकानदार त्यासाठी पंधरा-वीस वर्षांच्या हप्त्याचे कर्ज हसत हसत पुढे करतात. भावजयीने पहिल्याच दिवशी सांगितले होते, "सूद घरात आणायचा नाही. जेवढे रोख आहेत तेवढ्यातच." त्यामुळे निवड अशी उरली : त्याच पैशांत जुने, दमदार डिझेल किंवा त्याहून नवे, लहान पेट्रोल. दोन्हींपैकी काहीही घेतले तरी सात वर्षांची बचत एका सहीत जाणार होती. बयाणा द्यायला दहा दिवस होते.

मी म्हटले, आधी भाड्याने घेऊन डोंगरात चालवून बघू. शिकागोच्या आसपास सगळे सपाट, तिथे कुठलेही इंजिन शहाणेच वाटते.

म्हणून आम्ही विमानाने डेन्व्हरला गेलो. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम शंभर-सव्वाशे फूट खाली, आणि तिथे हे मैदान समजले जाते! डोंगर तिथून पुढे सुरू होतो. भाड्याची गाडी 'क्लास सी' होती. पुढे ट्रकची केबिन, तिच्या डोक्यावर मुलांचा पलंग, लांबी पंचवीस फूट, इंजिन फोर्डचे ७.३ लिटरचे व्ही-८ पेट्रोल. शेगडी, फ्रीज आणि हीटर मात्र प्रोपेनवर, म्हणजे आपल्या अर्थाचा गॅसही गाडीत होताच. अम्मीने आधी बाथरूम पाहिले, पकडायला दांडी आहे ना याची खात्री केली आणि टेबलाजवळच्या सीटवर पट्टा लावून बसली.

इंटरस्टेट ७० या महामार्गाने आम्ही पश्चिमेला निघालो. आयडाहो स्प्रिंग्ज, जॉर्जटाउन ही जुन्या खाणींची गावे मागे पडली, रस्ता चढतच राहिला. जॉर्जटाउनच्या पुढे इंजिन ओरडू लागले. काटा चार हजारांच्या वर, वेग ताशी चाळीस मैल आणि तोही घसरतोय. मोठ्याने बोलल्याशिवाय एकमेकांचे ऐकू येईना. समोरून इंजिन ओरडते तेव्हा माणूस नकळत दात घट्ट आवळून बसतो. आमच्या बाजूने मागे इंजिन असलेली एक लांब डिझेल गाडी सुळकन पुढे निघून गेली. भाऊ माझ्याकडे पाहून म्हणाला, "बघितलंस?"

बघितले होते. कारणही साधे आहे. उंचीवर हवा विरळ होते. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना अंदाजे तीन टक्क्यांनी कमी होते. अकरा हजार फुटांवर जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेलेली असते. डिझेलला टर्बो असतो, तो हवा दाबून आत भरतो, म्हणून त्याला उंची फारशी जाणवत नाही. शिवाय डिझेलची ओढ मुळातच जास्त आणि ती कमी फेऱ्यांवर मिळते, म्हणून ते शांतपणे चढते. रोज असे डोंगर चढणाऱ्याने डिझेलच घ्यावे, यात वाद नाही.

वर आयझेनहॉवर बोगदा लागतो. १९७३ साली त्याची पहिली नळी खुली झाली, दुसरी १९७९ मध्ये. पश्चिमेचे तोंड ११,१५८ फुटांवर. पावणेदोन मैलांचा बोगदा संपला की समोर एकदम आभाळ आणि खाली सात टक्क्यांचा उतार, थेट सिल्व्हरथॉर्नपर्यंत. जूनची सुरुवात असूनही माथ्यांवर बर्फ होते. रस्त्याच्या कडेला डोंगरात चढत जाणारी वाळू-खडीची पट्टी दिसली. ब्रेक गेलेल्या ट्रकने तीत घुसायचे आणि रुतून थांबायचे.

अब्बा म्हणायचे, घाट ज्या गिअरमध्ये चढतोस त्याच गिअरमध्ये उतर. चढताना गाडी फार तर थांबेल, उतरताना थांबणार नाही. भावाला मी तेच म्हटले. त्याने 'टो-हॉल' नावाचे बटण दाबले. ते दाबले की ब्रेकवर पाय ठेवताच गिअरबॉक्स आपोआप खालचा गिअर घेतो आणि इंजिनच गाडीला धरून ठेवते. पेट्रोल इंजिनात पाय उचलला की हवेची वाट बंद होते, ते गुदमरते आणि त्या गुदमरण्यानेच गाडी अडते. डिझेलला अशी झडप नसते. पाय उचलला म्हणून ते फारसे अडत नाही, त्यासाठी वेगळा एक्झॉस्ट ब्रेक लागतो. चांगल्या पुशरमध्ये तो असतो आणि फार उत्तम काम करतो. पण जुन्या गाडीत तो आहे का आणि चालतो का, हे विकत घेण्याआधी उतारावरच पाहायला हवे. दुकानाच्या अंगणात ते कळत नाही.

आम्ही पंचेचाळीसच्या वेगाने, अधूनमधून ब्रेक दाबून सोडत, खाली उतरलो. मागून अम्मी म्हणाली, "तुझे अब्बा पण असाच पाय उचलायचे." घाटभर ती तेवढेच बोलली.

मुक्काम डिलन जलाशयाच्या काठी, सरकारी कॅम्पग्राउंडवर. नऊ हजार फूट, रात्री हाडे गोठवणारा गारठा. पाण्याची टाकी मर्यादित आणि सांडपाण्याची त्याहून लवकर भरते, त्यामुळे वुजूला तांब्याभर पाणी पुरते हे मुलांना पहिल्यांदाच पटले. फजरला अम्मी खुर्चीवर बसून खिडकीकडे तोंड करून नमाज पढली. आपण इथे पश्चिमेकडे वळतो, तिथे किब्ला ईशान्येला येतो. ती दोनदा विचारून खात्री करून घेत होती.

चहानंतर मी फळ्यावर मांडते तसा हिशेब वहीत मांडला. भावाच्या सुट्ट्या पाहता वर्षाला चार हजार मैल, त्याहून जास्त होणे नाही. आमच्या गाडीने गॅलनला आठ मैल दिले होते, म्हणजे लिटरला साडेतीन किलोमीटरही नाही. वर्षाला पाचशे गॅलन. डिझेलने नऊ मैल दिले असे धरले तर चारशे पंचेचाळीस. वाचले पंचावन्न गॅलन. पण अमेरिकेत डिझेल पेट्रोलपेक्षा बहुधा महाग असते, आपल्या नेमके उलट, त्यामुळे तेही हाती राहत नाही. ऑइल बदलताना डिझेलला दुप्पट तेल, जास्त फिल्टर, २०१० नंतरच्या गाड्यांना युरियाचे ते द्रावणही. डिझेल इंजिन लाखो मैल चालते, खरे आहे. पण वर्षाला चार हजारांच्या हिशेबाने ते लाखो मैल माझ्या भाच्यांची मुले पूर्ण करतील. आणि उभी राहिलेली गाडी चालणाऱ्या गाडीपेक्षा लवकर बिघडते.

मग मी त्याला टायरचे विचारले. दुकानदाराने पाठवलेल्या फोटोत टायरच्या कडेवरचे चार आकडे दिसत होते. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर नऊ वर्षांचे निघाले. नक्षी अगदी नवी, पण मोटारहोमचे टायर झिजून जात नाहीत, वयाने जातात. सहा-सात वर्षांनंतर त्यांच्यावर विसंबू नये. म्हणजे एवढ्या मोठ्या गाडीचे सगळे टायर लगेच बदलायचे, तेही सगळी बचत देऊन झाल्यावर. शिवाय २६ हजार पौंडांहून जड गाडीला इलिनॉयसह काही राज्यांत वेगळे लायसन्स लागते, हे दुकानदार बोललाच नव्हता.

भाऊ बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, "पण आपा, त्या गाडीत आवाज नाही गं. अम्मीला त्रास नाही." हे मात्र खरे होते. माझ्या वहीत याला रकाना नव्हता. अम्मीने शाल सारखी केली आणि म्हणाली, "चाळीस वर्षं इंजिनाच्या आवाजावर झोपले मी. मला बाथरूम पाहिजे, आवाजाचं काय." अब्बा रात्रपाळीहून आल्यावरही घरात घाटच चालू असायचा. आम्ही सगळे हसलो, अम्मी सोडून.

परतताना डेन्व्हरच्या अलीकडे डोंगर एकदम उघडतात, शहर दिसते आणि वाटते, घाट संपला. तिथेच ट्रकवाल्यांसाठी पाटी आहे : फसू नका, अजून चार मैल तीव्र उतार आहे. भावाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरकडे सरकला होता, तो त्याने मागे घेतला.

बयाणा दिला नाही. मी परत आल्यावर दोन महिन्यांनी त्याने सहा वर्षांची क्लास सी पेट्रोल गाडी रोख घेतली. सहाही टायर बदलले आणि वर थोडे पैसे उरले. डिझेलचा मोह सुटलेला नाही, निवृत्त झाल्यावर पुशर घेईन म्हणतो. टाकीच्या झाकणावर त्याने मार्करने देवनागरीत 'पेट्रोल' लिहिले आहे. पंपावर चुकून डिझेल पडू नये म्हणून, असे सांगतो. तिथे पंपावर देवनागरी वाचणारी अम्मी तेवढी एकटी आहे.