नाताळचे ताट

रोजच्या जगण्यातल्या किरकोळ गोष्टीही लेखनाचा विषय होऊ शकतात, हे ना. सी. फडके, वि. स. खांडेकर आणि अनंत काणेकर यांनी मराठी वाचकाला पटवून दिले, त्याला आता बराच काळ लोटला. त्याच्याही आधी, १९०९ साली, का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि फराळ व वाङ्मय यांची जी गाठ पडली ती अजून सुटलेली नाही. चकलीचा काटा, करंजीची मुरड, अंगणातली रांगोळी यांवर मराठीत इतके लिहिले गेले आहे की, ज्याच्या घरी दिवाळी नसते त्यालाही ती पाठ असते. आम्ही त्यांपैकीच. आम्ही दोघे मराठीचे अध्यापन करतो, वसईच्या एका वाडीत राहतो आणि आमच्या घरी दिवा लागतो तो डिसेंबरात.

नाताळ मात्र मराठीत अजून दारातच उभा आहे. शालेय निबंधांत तो 'ख्रिस्ती बांधवांचा सण' म्हणून येतो, केक कापतो, सांताक्लॉजला हात दाखवतो आणि चौथ्या वाक्याला निघून जातो. 'बांधव' हा शब्द प्रेमळ खरा; परंतु ज्याला घरातलाच मानतो त्याला कोणी बांधव म्हणत नाही. या वळणाचा परिणाम आमच्या विद्यार्थ्यांवरही होतो. प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने सणावरच्या निबंधात खिडकीबाहेर बर्फ पाडला होता. तिच्या घरामागे केळीची बाग आहे. घरात जे प्रत्यक्ष घडते ते लिहिण्याजोगे नसते, लिहिण्याजोगे असते ते छापलेले, असे तिला वाटले असावे. वाङ्मयाच्या शिक्षकांनी विचार करावा अशी ही गोष्ट आहे, म्हणून तिचा उल्लेख केला.

वस्तुतः ख्रिस्तजन्माची कथा मराठीला नवी नाही. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले, आणि त्यात ही कथा ओवीतच सांगितली आहे. लिपी रोमन, छंद आपला. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज. पण पाव, बटाटा, काजू, पेरू, अननस, कोबी हेही त्याच वाटेने आले आणि कोणी त्यांना बांधव म्हणत नाही. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले. शब्द मात्र स्वयंपाकघरातच राहिले. शब्दांची ही वस्ती पाहिली की भाषा माणसांपेक्षा लवकर शेजारधर्म शिकते असे वाटते.

आमच्याकडे नाताळ सुरू होतो तो आगमनकाळात, म्हणजे नाताळापूर्वीच्या चार रविवारांपासून. वर्तुळात मांडलेल्या मेणबत्त्यांतली दर रविवारी एक अधिक पेटवायची; तीन जांभळ्या, एक गुलाबी. याच सुमारास एखाद्या जुन्या डब्याच्या झाकणात माती भरून नाचणी पेरायची. दोन-अडीच आठवड्यांत तिचे कोवळे हिरवे गवत होते आणि ते गोठ्यात, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यात, कुरण म्हणून ठेवले जाते. देखाव्याची ही चाल संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी मांडलेल्या गोठ्याशी जोडली जाते. आठशे वर्षांनंतर वसईतल्या ओट्यावर भाताचा पेंढा, नाचणीचे गवत आणि पुठ्ठ्याची घरे घेऊन ती मुक्कामाला आहे. गव्हाणी मात्र चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवायची. रिकाम्या जागेचीही एक शोभा असते, हे आम्ही प्रथम तिथे शिकलो. कवितेच्या वर्गात नंतर.

चांदणीचे काम घरातल्या पुरुषांकडे. बांबूच्या कामट्या तासायच्या, पाच टोकांचे दोन सांगाडे सुतळीने बांधायचे, मधे आधाराच्या काड्या देऊन ते फुगवायचे आणि वर खळीने पातळ कागद चिकटवायचा. आकाशकंदील ज्याला येतो त्याला चांदणी येते. बाजारात प्लास्टिकच्या चांदण्या मुबलक मिळतात आणि त्या पावसातही टिकतात. कागदाची चांदणी दवाने सैल पडते, सकाळी पुन्हा ताणून बसवावी लागते. तिच्याकडे रोज एकदा पाहावे लागते, एवढाच तिचा फायदा.

आणि मग फराळ. कलकलासाठी मैद्यात थोडा रवा, अंडे, तूप आणि नारळाचा दाट रस घालून पीठ मळायचे. सुपारीएवढी गोळी काट्याच्या किंवा नव्या कोऱ्या फणीच्या पाठीवर दाबून अलगद गुंडाळायची, म्हणजे शिंपल्यासारख्या रेघा उमटतात. मग तळून साखरेच्या पाकात घोळवायचे. नेवऱ्या म्हणजे करंज्याच. गोव्यात हिंदू घरांत त्या गणेशचतुर्थीला होतात. शिवाय दूध आटवून काजूच्या पुडीबरोबर घोटलेले, साच्यातून काढलेले मिल्कक्रीम, आणि दोदोल, ज्याला ढवळताना घरातल्या प्रत्येकाचा हात लागावा लागतो कारण एकाच्या हाताला तो पेलत नाही. कलकल वळायला तर सगळेच बसतात. हात गुंतलेले असतात, डोळे मोकळे असतात आणि जिभा त्याहून मोकळ्या. वर्षभरात कोणी कोणाला काय बोलले, कोणाचे कुठे जमत आले, हे सारे त्या पाटाभोवती उलगडते. आमच्या घरातले दोन जुने अबोले कलकल वळतानाच मिटले आहेत.

हे सारे आई करीत. आमच्यातल्या एकाची आई, एकीची सासू. आम्ही दोघेही त्यांना आईच म्हणत असू. त्यांच्याजवळ मापे नव्हती. "पीठ हाताला सांगतं," एवढेच त्या म्हणत. त्यांनी मांडलेली ताटे मात्र अगदी हिशेबाची असत. चोवीस तारखेच्या सकाळी वाडीतल्या प्रत्येक घरी, जातधर्म न पाहता, क्रोशाच्या रुमालाने झाकलेले एक ताट जाई. आलेले ताट रिकामे परत करू नये, हा नियम त्या मिस्सेइतकाच काटेकोरपणे पाळत.

२०२४च्या जुलैत, भर पावसात, आई गेल्या.

दुखवट्याच्या वर्षी घरात गोडधोड करायचे नाही, तळण काढायचे नाही, हा आमच्याकडचा रिवाज. हिंदू घरांतही तो तसाच आहे. ज्या घरी माणूस गेले तिथे दिवाळीचा फराळ शेजारी आणि नातलग पोचवतात. त्या डिसेंबरात आम्ही चांदणी लावली नाही. गोठा मात्र मांडला; आमच्या मुलीने कोणाला न विचारता नाचणी पेरली होती आणि उगवलेल्या गवताला दुखवटा सांगणे आम्हांला जमले नाही. स्वयंपाकघर मात्र मुके होते. तुपाचा, पाकाचा, भाजलेल्या रव्याचा वास नसलेला डिसेंबर आम्ही प्रथमच पाहत होतो. दुःखापेक्षाही एक वेगळीच धास्ती मनात होती. रिवाज एका वर्षाचा असतो, पण सवय मोडायला एक वर्ष पुरते. बाजारात आता सगळेच विकत मिळते. आम्ही दोघे नोकरी करणारे, मुलगी दहावीत. या वर्षी कढई चढली नाही, ती पुढच्या वर्षी कशाने चढेल? संस्कृतीचा ऱ्हास वगैरे मोठे शब्द आम्ही वर्गात वापरतो. घरात त्याचे स्वरूप एका उपड्या ठेवलेल्या कढईएवढे होते.

चोवीसच्या सकाळी ताटे येऊ लागली. एकामागून एक सात. रुमाल काढून पाहिले की कोणत्या घरचे ते सांगता येई. कोणाच्या नेवरीची मुरड जाड, कोणाचा दोदोल काळसर. प्रश्न उरला परतीचा. रिकामे ताट द्यायचे नाही, आणि घरात तर काहीच केलेले नाही. मडक्यांच्या फळीवर, मागच्या बाजूला, केळीच्या सोपटात बांधलेल्या सुकेळ्यांच्या जुड्या मिळाल्या. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली. आईंनीच त्या वर्षाच्या आरंभी बांधून ठेवलेली. मध घट्ट व्हावा तशी ती झाली होती. प्रत्येक ताटात दोन-दोन सुकेळी ठेवली. दुखवट्याच्या वर्षी आम्ही गोड केले नाही, हे खरे. आणि आमच्या घरून ताटे रिकामी गेली नाहीत, हेही खरे. त्या वर्षीचा नाताळ आईंनीच पोचवला.

सातवे ताट शेजारच्या काकूंचे होते. त्या हिंदू, त्यांच्या भाजणीच्या चकल्या आईंनी वीस वर्षांपूर्वी शिकून घेतल्या होत्या, तेव्हापासून आमच्या नाताळच्या ताटात चकली असे. काकूंच्या ताटात त्या दिवशी कलकल होते. रेघा बारीक आणि जवळजवळ. काट्याच्या नव्हे, फणीच्या. टोकाशी किंचित दाबून बंद केलेले. आमच्यातली एक ते हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. काकू म्हणाल्या, "चकलीच्या बदल्यात मी हे घेतलं होतं त्यांच्याकडून. तुमच्याकडे दरवर्षी होतंच, म्हणून कधी केलं नव्हतं."

आम्ही ज्याला आमचा ठेवा समजत होतो तो भिंतीपलीकडे सुखरूप होता. परंपरा वारसाने पुढे जाते असे आम्ही गृहीत धरतो, आणि वाङ्मयाच्या इतिहासातही घराण्यांच्या रेषा आखतो. प्रत्यक्षात ती पुष्कळदा ताटातून जाते, उसनी जाते, बदल्यात जाते. आणि ज्याच्या घरून निघाली त्याच्याकडे गरज पडेल तेव्हा परत येते. ओवी स्टीफन्सकडे गेली ती अशीच. चकली आमच्याकडे आली तीही अशीच. ज्यांना आपण 'बांधव' म्हणून दारात उभे करतो ते मागच्या दाराने केव्हाच स्वयंपाकघरात येऊन बसलेले असतात, आणि याची नोंद निबंधात नसली तरी पाटाभोवती असते.

ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा असल्यामुळे मध्यरात्रीची मिस्सा अनेक ठिकाणी आता लवकर होते. त्या रात्री घरी परतलो तेव्हा अकराही वाजले नव्हते. गव्हाणीत बाळ ठेवले, कोरा चहा केला आणि सातही ताटांतले थोडे थोडे घेऊन तिघे ओट्यावर बसलो. फार कोणी बोलले नाही. नाताळच्या सुखांची यादी करायची झाली तर आम्ही त्या चहाला वरचे स्थान देऊ.

दुखवट्याचे वर्ष फिटले त्या डिसेंबरात काकू दुपारच्या आमच्याकडे आल्या. मुलगी वही-पेन घेऊन बसली आणि तिने मैदा किती, रवा किती, असे विचारले. काकूंनी तिची वही मिटून बाजूला ठेवली आणि तिचा हात परातीत नेला. पहिला घाणा कडक झाला, दुसरा बरा. चोवीसच्या सकाळी आमच्याकडून आठ ताटे गेली. आठवे त्या विद्यार्थिनीच्या घरी, जिने निबंधात बर्फ पाडला होता. तिचे ताट केळीच्या पानाने झाकून परत आले. पानाखाली चार वेलची केळी होती.