कोण मोजायचं राहिलं?

जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला माझं बालपण गेलं. चैत्र पौर्णिमेची यात्रा, उंच सासनकाठ्या, दवण्याचा वास, गुलालानं माखून परतणारी माणसं आणि दर रविवारची वर्दळ हे सगळं अंगवळणी पडलेलं होतं. त्या डोंगराकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहायला मला लावलं ते आमच्या संख्याशास्त्राच्या सरांनी. आज माझ्या हातून जे धड काम होतं, त्याच्या मुळाशी त्यांचा एकच प्रश्न आहे : "मोजायचं कोण राहिलं?" त्या प्रश्नाचं ऋण मला इथे मांडायचं आहे.

एम.एस्सी.ला माझा विषय वनस्पतिशास्त्र. सरांच्या तासाला मात्र प्राणिशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र, अर्थशास्त्र अशी सगळीच मुलं एकत्र बसत. निम्म्यांना गणिताची धास्ती. सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर एकही सूत्र लिहिलं नाही. त्यांनी विचारलं, "कुणाच्या रानात पीक कापणी प्रयोग झालाय का?"

माझा हात वर गेला. आमच्या भाताच्या रानात तलाठी टेप आणि दोरी घेऊन आले होते, तो दिवस मला आठवत होता. आकड्यांच्या तक्त्यावरून त्यांनी बांधाजवळचा एक तुकडा धरला. तिथलं पीक विरळ होतं. आबा म्हणाले, "मधलं घ्या की, चांगलं आलंय." तलाठी म्हणाले, "आबा, आकडा जिथं आलाय, तिथंच दोरी टाकायला पायजे." आबांना ते पटलं नव्हतं. वर्गात मी हे सांगितलं, तेव्हा सर खुर्चीवरून उठले. "तुझ्या आबांच्या रानात जे झालं, तोच या विषयाचा पाया," ते म्हणाले. "चांगला तुकडा निवडला असता तर तालुक्याचं उत्पन्न कागदावर वाढलं असतं. वाईट निवडला असता तर घटलं असतं. निवड आपल्या हातात ठेवली नाही, म्हणूनच त्या आकड्यावर विश्वास ठेवता येतो."

मग त्यांनी पिशवीतून एक जुनं पुस्तक काढलं. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचं, शेतीत काम करणाऱ्यांसाठी लिहिलेलं, १९५४ सालचं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मले, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले, लंडनला जाऊन नमुना निवडीचं शास्त्र शिकून आले, आणि १९४०च्या दशकात देशभरच्या पीक पाहणीला यादृच्छिक निवडीची शिस्त लावणाऱ्यांत ते आघाडीवर होते. सातारा जिल्ह्यातल्या माणसाचं काम आमच्या बांधापर्यंत येऊन पोचलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. समाजशास्त्राच्या मुलांना सरांनी इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या महाराष्ट्राच्या मानवमितीच्या पाहणीबद्दल सांगितलं. मानववंशशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ एकाच कामावर बसलेले. "तुम्ही एकाच वर्गात का बसता, याचं हे उत्तर," असं सर म्हणाले. पानसे-सुखात्मे विकत घेणं मला परवडणारं नव्हतं. सरांनी आपली प्रत वर्षभर माझ्याकडेच ठेवली, आणि मी ती परत द्यायला गेले तेव्हा ते म्हणाले, "असू दे, तुला लागेल."

प्रात्यक्षिकासाठी त्यांनी जोतिबाच निवडला. आम्ही वनस्पतिशास्त्राची मुलं उतारावर एक मीटर लांबी-रुंदीची चौकट टाकून झुडपं मोजत होतो. एक झुडूप नेमकं दोरीवर आलं. मोजायचं की सोडायचं? सरांनी तिथेच मातीवर काडीनं हिशेब मांडला. समजा, दोरीबाहेर पाच सेंटीमीटरपर्यंतची रोपं आपण दर बाजूला आत ओढली. मग एक चौरस मीटरऐवजी १.२१ चौरस मीटर मोजलं गेलं, म्हणजे २१ टक्के जास्त. चौकट पाच मीटरची असती, तर हीच चूक सुमारे चार टक्क्यांवर आली असती. लहान तुकड्यांतून पिकाचा अंदाज फुगतो, हे सुखात्म्यांनी दाखवलं होतं, त्यातलं एक कारण हे कडेचं. म्हणून आम्ही नियम केला : दोन बाजूंच्या दोरीवरचं मोजायचं, उरलेल्या दोन बाजूंचं सोडायचं. नियम आधी ठरवायचा, झुडूप बघून नाही.

समाजशास्त्राच्या मुलांचा प्रश्न वेगळा होता. भाविक डोंगरावर किती वेळ थांबतात? प्रश्नावली करण्याआधी सरांनी आम्हाला पायऱ्यांजवळच्या नारळाच्या दुकानात बसवलं. दुकानातल्या काकी म्हणाल्या, "चालत आल्याली मानसं पाटंच वर येत्यात, दर्शन घेत्यात आन् आमची दुकानं उघडायच्या आत उतरत्यात. तुमी धाला येनार, तुमास्नी ती कशी घावायची?" सरांनी ते वाक्य वहीत उतरवून घ्यायला सांगितलं. कामाची वेळ पहाटेपासूनची ठरली ती काकींमुळे.

मग विचारायचं कुठे उभं राहून? देवळाच्या आवारात बसलेल्यांना गाठणं सोपं होतं. सरांनी पुन्हा हिशेब घातला. समजा, निम्मे लोक एक तास थांबतात आणि निम्मे पाच तास. खरी सरासरी तीन तासांची. पण कुठल्याही क्षणी आवारात पाहिलं तर एक तासवाला एक दिसेल तेव्हा पाच तासवाले पाच दिसतील. त्यांनाच विचारलं तर सरासरी निघेल चार तास वीस मिनिटं. खोटं कुणीच बोललेलं नसतं, तरी उत्तर चुकतं, कारण जो जास्त थांबतो तोच जास्त सापडतो. म्हणून उतरणीच्या तोंडाशी उभं राहून बाहेर पडणाऱ्या दर दहाव्या व्यक्तीला विचारायचं ठरलं.

दहावी व्यक्ती म्हणून एकदा एक आज्जी आल्या. डोक्याला गुलाल, हातात प्रसादाची पिशवी. "मला काय इचारतासा? ह्येला इचारा," म्हणून त्यांनी मुलाकडे बोट केलं. मुलगाही पुढे झाला. सर नम्रपणे म्हणाले, "आज्जी, नंबर तुमचा आलाय. तुमचंच सांगा." आज्जी क्षणभर थांबल्या, मग बोलत्या झाल्या. मुलगा गाडीनं आला होता. त्या केर्लीच्या फाट्यापासून चालत वर आल्या होत्या. घरातल्या कर्त्याला विचारलं असतं, तर त्यांची चाल कुठल्याच तक्त्यात आली नसती.

बांधाजवळचं विरळ भात, दोरीवरचं झुडूप आणि ती आज्जी मला तेव्हापासून एकाच रांगेत दिसतात. जे सोयीचं, ठळक, बोलकं असतं, ते आपोआप मोजलं जातं. उरलेल्यांना सारखी संधी मिळावी म्हणून निवड आकड्यावर सोपवायची. सरांनी मला टी-टेस्ट आणि काय-वर्ग चाचणीही नीट शिकवली. चाचणीचं उत्तर आलं की ते म्हणत, "फरक योगायोगाचा वाटतो की नाही, एवढंच ही सांगते. तो माणसाच्या दृष्टीनं मोठा आहे का, ते तू ठरवायचंस." अहवालात सरासरीपुढे तीन दशांश स्थळं दिसली की ते खोडत, आणि अनिश्चितता लिहायला लावत.

सर आता नाहीत. मी विज्ञान आणि समाजशास्त्राच्या मुलांना एकत्र बसवून हाच विषय शिकवते. पानसे-सुखात्म्यांची ती प्रत दरवर्षी एखाद्या गरजू मुलाकडे जाते. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक अहवालात निष्कर्षाच्या आधी एक परिच्छेद असावा लागतो : या पाहणीत कोण येऊ शकलं नाही, आणि का. मुलांना तो सगळ्यात अवघड वाटतो, कारण त्यासाठी सूत्र नाही. रानात जावं लागतं, पहाटे उठावं लागतं, नारळ विकणाऱ्या बाईचं ऐकावं लागतं. तो परिच्छेद प्रामाणिकपणे लिहायला शिकलेला एकेक विद्यार्थी, एवढीच माझ्याकडून त्या ऋणाची परतफेड आहे.